मटणाच्या दिवशी दोन

"संयोगिता, तुझ्या बापाकडं बघ जरा. म्हशीखालनं उठताना म्हशीलाच धरून उठायलाय."

मल्लव्वा गिरणीच्या दारात पिठानं पांढरी होऊन उभी होती. माझ्या माहेरच्या गल्लीच्या तोंडाशीच तिची गिरण. मूळची सीमेपलीकडची, बोलण्यात अजून कानडी हेल. माझ्या कडेवर माझी लेक अनू होती, तिचं नाक वाहत होतं, अंग कोमट लागत होतं, आणि माझं सगळं लक्ष तिच्या श्वासाकडं.

"वय झालं मल्लव्वा," मी म्हणाले. "या वयात कोण टुणकन उठतंय?"

"वय मला न्हाय झालं काय? मी काय जात्याला धरून उठतो? बघून घे अव्वा. मी आपलं सांगिटलो."

मी हसले आणि अनूच्या कपाळावर तळवा ठेवत पुढं निघाले. गिरणीच्या आवाजात ती आणखी काहीतरी म्हणाली. ते मी ऐकलंही नाही.

माझ्या वडिलांचं, आण्णांचं, सगळं आयुष्य उकिडवं बसण्यात गेलं. सकाळी गोठ्यात, संध्याकाळी दूध कट्ट्यावर. कट्टा म्हणजे पेठेतली रस्त्याकडेची मोकळी जागा. दिवेलागणीला म्हसवाले आपापल्या म्हशी घेऊन तिथं उभे राहतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ग्लासात धार काढून देतात. तालमीतली पोरं येतात, पोट सुटलेले व्यापारी येतात, नातवाला खांद्यावर घेतलेले म्हातारे येतात. फेसाच्या मिशा पुसत साऱ्या गावाची उणीदुणी काढतात. आण्णा टाचांवर बसून, कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवून, डोळे मिटून धार काढायचे. त्यांच्या दोन म्हशी, चंद्री आणि मोगरी. चंद्री मोठी नखरेल. आण्णांचा आवाज आणि आण्णांचा हात असल्याशिवाय ती पान्हा सोडायची नाही.

यापलीकडं त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. तालमीत गेले, पण नाव काढलं नाही. आई गेल्यावर दुसरं लग्न केलं नाही. थोरली बहीण, माझी धोंडुबाई आत्ती, विधवा होऊन घरी आली, तिला घर दिलं. मला बी.एस्सी. केलं. "पोरगीला परीक्षानळीतलं कळतंय," असं कट्ट्यावर सांगताना त्यांची छाती फुगायची.

आणि मटण. ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यापायी झालं. बुधवारी आणि रविवारी आमच्याकडं चुलीवर मटण नसेल तर शेजारी विचारपूस करायला येतात, कुणी गेलं काय म्हणून. त्यात उन्हाळ्याच्या तोंडाला जत्रा सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. घरोघरी रस्सा उकळतो आणि ओळखीचा, ओळखीच्याचा ओळखीचा, कुणीही पावणं म्हणून पाटावर बसतो. न जाणं म्हणजे अपमान, आणि जाऊन कमी जेवणं म्हणजे त्याहून मोठा अपमान. आण्णांचा गोतावळा मुरगूडकडचा. त्या हंगामात त्यांची दुपार गावोगावच्या मांडवात जायची आणि संध्याकाळी धारेला ते परत कट्ट्यावर हजर.

त्यांना स्कूटरवर मागं बसवून नेणारे गणपतराव. तालमीपासूनचे दोस्त. गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांचं औषधाचं दुकान. भिंतीवर चौकटीत लावलेली पदवी त्यांच्या मुलाची, सोमेशची, आणि सोमेश नोकरीला पुण्यात. दुकानात बसायचे गणपतराव. सगळी गल्ली त्यांना 'डॉक्टर' म्हणायची आणि ते म्हणू द्यायचे.

मल्लव्वा बोलली त्यानंतर फार दिवस गेले नसतील. अनूला बरं वाटलं होतं म्हणून तिला घेऊन मी कट्ट्यावर गेले होते. आण्णांनी तिच्यासाठी छोट्या पेल्यात धार काढली, पेला माझ्या हातात दिला आणि उठायला लागले. उठलेच नाहीत. अर्धे वर आले, तोंड वेडंवाकडं झालं, आणि म्हशीच्या पायांत आडवे पडले.

चंद्रीनं पाय हलवला नाही. हलवला असता तर छातीवरच बसला असता.

आणि लोक हसले. वाईट मनानं नव्हे, कट्ट्यावर हसतातच.

"आण्णा, आज म्हशीखाली अंथरूण टाकलास व्हय?"

"दूध पिऊन चढलं काय मर्दा?"

आण्णाही पडल्यापडल्या हसत होते. "पाय झोपला रे. थांबा, उठतोय की." पण हात माझ्याकडं केला होता. मी एका हातात अनू, दुसऱ्या हातात पेला धरून तशीच उभी. शेजारच्या म्हशीवाल्या शिवपुत्रानं त्यांना काखेत हात घालून उठवलं. दूध अनूच्या फ्रॉकवर सांडलं. ती रडायला लागली तसे लोक गप्प झाले.

गणपतराव दुकानातून कंबरेचा पट्टा घेऊन आले. "मणका सरकला असणार," ते चारचौघांत म्हणाले. "लाव हे. आणि दुखायची गोळी देतो, रातच्याला घे. चार दिसांत नाचायला लागशील."

हाडांच्या दवाखान्यातही तेच. फोटो काढले, यंत्राच्या बोगद्यात घातलं. मणक्यात झीज आहे, वयाप्रमाणे, वाकू नका, पट्टा लावा. सोबत काय काय औषधं चालू आहेत, हे कुणी विचारलं नाही, आणि आण्णा स्वतःहून सांगणाऱ्यांतले नव्हेत. पट्टा लावून ते खाटेवर पडले. पाठ तशीच. उलट आता मांड्याही दुखायला लागल्या, हात वर करून टोपी घालवेना.

माझ्या नवऱ्याला, आदर्शला, माझी एक सवय हसण्यासारखी वाटते. अनूच्या खोकल्याच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही मी वाचते, आणि मग रात्रभर तिच्या अंगावर पुरळ शोधत बसते. "एवढं वाचलंस तर कुणी औषधच घेणार नाही," म्हणतो. तर त्या आठवड्यात बावड्याला, माझ्या सासरच्या घरी, अनू दुपारची झोपली असताना, मी आण्णांच्या रोजच्या गोळीबद्दल वाचायला बसले. दोन वर्षांपूर्वी रक्तात चरबी जास्त निघाली म्हणून डॉक्टरांनी ती दिली होती. रोज एक. लाखो लोक घेतात, त्यांची हृदयं तिनं राखली आहेत. पण तिच्यामुळं स्नायू दुखू शकतात, दुबळे होऊ शकतात. आणि ती घेणाऱ्यांत पाठीच्या, मणक्याच्या तक्रारी जास्त दिसल्याचंही कुठंकुठं नोंदवलेलं होतं. गोळीमुळंच, असं सिद्ध झालेलं नव्हतं. शेवटी एक वाक्य होतं: लघवीचा रंग काळपट झाला तर ताबडतोब डॉक्टरांना गाठा.

मी आत्तीला फोन लावला.

"आत्ती, आण्णांच्या लघवीचा रंग कसा हाय गं?"

"हे काय विचारणं झालं व्हय?" मग जरा थांबून, हळू आवाजात, "कोरा चहा ओतल्यागत दिसतंय बघ मोरीत. मी म्हटलं बीट खाल्लं असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही पहिल्या डॉक्टर बाईंकडं गेलो, ज्यांनी ती गोळी लिहून दिली होती. त्यांनी आण्णांच्या मांड्या दाबून पाहिल्या, खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. उठता आलं नाही. रक्त घेतलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "गोळी किती घेता?"

"एक," आण्णा म्हणाले. "तुमी सांगिटल्याप्रमाणं."

"खोटं बोलू नगंस," आत्ती दारातूनच कडाडली. "बाई, मी सांगतो. मटणाच्या दिवशी दोन. जत्रंत गेलं तर तीन बी. खिशातच घेऊन जातंय. जेवायच्या आदी एक, हात धुतल्यावर एक."

डॉक्टर बाई आत्तीकडं वळल्या. "का?"

"गोळी आत चरबी खाती म्हणं. मटण जादा तर गोळी जादा. हिशेब सरळ हाय न्हवं?"

"कुणी सांगितलं हे?"

आण्णांनी मान खाली घातली. शाळेतल्या पोरासारखी. एक नाव घ्यायचं होतं, तेवढं त्यांनी घेतलं नाही. "माझंच डोकं," म्हणाले.

मला नाव ऐकायची गरज नव्हती. जादा गोळ्या चिठ्ठीशिवाय येत कुठून होत्या?

रक्ताचा अहवाल आला तेव्हा डॉक्टर बाईंनी आण्णांना त्याच दिवशी दवाखान्यात झोपवलं, सलाइन लावलं. स्नायू विरघळून रक्तात उतरत होते, मूत्रपिंडं थोडक्यात वाचली. "मणका झिजलेला होताच," त्या मला बाहेर म्हणाल्या. "पण त्याला धरून ठेवणारे पाठीचे स्नायूच गेले. त्यात किती वाटा वयाचा, किती गोळीचा, हे मी मोजून सांगू शकत नाही. दुप्पट-तिप्पट गोळ्यांनी घात केला एवढं नक्की. आणि हे बघ, यावरून गल्लीत कुणाची गोळी बंद करायला जाऊ नकोस. ज्यांना लागते त्यांना लागते."

"परत बसता येईल त्यांना? उकिडवं?"

त्यांनी खांद्यावर हात ठेवला. तेच उत्तर होतं.

दवाखान्यातून मी थेट कोपऱ्यावर गेले. अनू कडेवर. गणपतराव कसलीशी मलमाची नळी कागदात गुंडाळत होते.

"काका, मटणाच्या दिवशी दोन घे, असं तुम्ही आण्णांना सांगितलं?"

"कसा हाय आता?"

"सांगितलं का नाही?"

"अगं पोरी, म्हटलो असंल गमतीत. गळ्याशी येऊस्तवर खातंय, म्हटलो घे आणखी एक." ते हसले. गिऱ्हाईकही हसलं. "आणि गोळीनं पाठ जाती व्हय कुणाची? मीच घेतोय की दोन वर्सं. तुझ्या बापाच्या जोडीनं. बुधवारी दोन, रविवारी दोन. काय झालंय मला? खांबागत उभा हाय."

"त्यांचे स्नायू रक्तात उतरलेत."

"त्या बाईंचं काय ऐकतीस? आता पाठीला गोळी चिकटवायची आणि सलाइन लावायचं. धंदा हाय त्यांचा."

आण्णा मरता मरता वाचले होते आणि हा माणूस मलमाची नळी गुंडाळत हसत होता. माझ्या आत काहीतरी गार झालं. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

पोलिसात जाता आलं असतं. औषधांच्या कचेरीत अर्ज करता आला असता. पण तिथं आण्णांना जबाब द्यावा लागला असता, आणि ते पुन्हा 'माझंच डोकं' म्हणाले असते. शिवाय अर्ज करून माझी आग कुठं विझणार होती? मला ते माझ्या डोळ्यांसमोर व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी दुकानाबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसायला लागले. दुपार टळली की बावड्याहून अनूला घेऊन यायचं, आण्णांना बघायचं, आणि मग बाकडं. अनूला बिस्किट द्यायचं. गिऱ्हाईक आलं की शांतपणे विचारायचं, "मावशी, चिठ्ठी हाय डॉक्टरांची? किती घ्यायची ते डॉक्टरांनी सांगितलं का ह्यांनी? न्हाय, आमच्या आण्णांना ह्यांनी सांगितलं होतं, म्हणून विचारलं." एवढंच. आवाज चढवायचा नाही, शिवी द्यायची नाही. मावशी माझ्याकडं बघायची, गणपतरावांकडं बघायची आणि चिठ्ठी पुन्हा पिशवीत घालून पुढच्या चौकात जायची.

पहिल्या दिवशी गणपतराव म्हणाले, "बस की. बाकडं तुझ्या बापानंच दिलंय, दुकान काढलं तवा." तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हणाले, "पोरगीला ऊन लागंल, घरी जा." मग बोलणंच सोडलं. त्यांना मला हाकलता येत नव्हतं. दोस्ताची पोर, कडेवर लेकरू, गल्ली बघतेय. हे मला नीट माहीत होतं, आणि म्हणूनच मी अनूला घेऊन जायची.

संध्याकाळी 'डॉक्टर' म्हणून गप्पा मारायला येणारे म्हातारे कमी झाले. मग बंद झाले. रिकाम्या दुकानात ते फडकं घेऊन तेच कपाट पुन्हा पुसायचे. मला बरं वाटायचं. खोटं कशाला लिहू? जेवण उतरल्यासारखं बरं वाटायचं.

त्यातच चंद्री गेली. आण्णा घरी आले होते, काठी धरून अंगणापर्यंत चालत होते, पण खाली बसणं संपलं होतं. मोगरीची धार शिवपुत्र काढून द्यायचा. चंद्री त्याला कासेला हात लावू देईना. तिची कास तटतटायची, ती हंबरायची, आणि आण्णा आत खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायचे. शेवटी मुरगूडचे पाव्हणे तिला न्यायला आले.

गाडीत चढवायच्या आधी आण्णा म्हणाले, "थांबा. एकदा बघतो."

त्यांनी काठी आत्तीकडं दिली. दोन्ही हातांनी खुंटा धरला आणि गुडघे वाकवायला सुरुवात केली. आम्ही सगळे बघत होतो. मांड्या कापायला लागल्या, कपाळावर घाम आला, आणि ते मधेच अडकले, ना खाली ना वर. शिवपुत्र पुढं झाला. त्यांनी मानेनं 'नको' केलं, हाताहातानं खुंटा चढत सरळ झाले. मग उभ्यानंच चंद्रीच्या पोटावर पंजा ठेवला आणि म्हणाले, "चल बाय, चल. सोड आता."

चंद्रीनं पान्हा सोडला. सडांतून थेंब गळायला लागले, शेणामातीत, टपटप. खाली चरवी धरायला कुणी नव्हतं.

आत्ती पदर तोंडाला लावून आत गेली. मी नाही गेले. मी ते सगळं बघितलं, आणि तिथून सरळ कोपऱ्यावर गेले.

बुधवार होता. आज गणपतरावांच्या दुकानात दोन-तीन माणसं होती, नवीन, पलीकडच्या गल्लीतली. मी बाकड्यावर बसले नाही. दारात उभी राहिले.

"काका, आज मटण न्हवं? घेतल्या का दोन?"

माणसं वळून बघायला लागली. गणपतरावांच्या मानेवर शीर उभी राहिली. एवढे दिवस गिळून ठेवलेलं सगळं त्यांच्या तोंडावर आलं.

"घेतो की!" त्यांनी फळीवरची गोळ्यांची पट्टी ओढली. "बघा हो पावणं, ही आमच्या दोस्ताची पोरगी. म्हंती, गोळीनं पाठ मोडती. हे बघा, एक. हे बघा, दोन." पाणी न घेता गिळल्या. "मोडली? मोडली काय माझी पाठ?"

"तिसरी घ्या की," मी म्हणाले. "आण्णा जत्रंत तीन घ्यायचे."

त्यांनी पट्टी पुन्हा उचलली. मग तिसरी फोडली. ती गडबडीत खाली पडली, त्यांनी दुसरी फोडली आणि गिळली. माणसं हसली. माझ्या लेकीनंही टाळ्या वाजवल्या, तिला तो खेळ वाटला.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. मी दिसले की बुधवार नाही, रविवार नाही, ते पट्टी काढायचे, माझ्याकडं बघत गिळायचे. मी बघत बसायचे. थांबा म्हणाले नाही. एकदाही नाही.

हे आण्णांच्या कानावर गेलं.

"गण्याला गोळ्या खायला लावतीस म्हणं," ते म्हणाले. खाटेवर उशीला टेकून बसले होते.

"मी कशाला लावू? ते स्वतःच शहाणे आहेत."

"पाठ माझी गेली. गोळी मी गिळली. त्यानं काय माझं तोंड उघडून घातली न्हाय."

"सांगितलं त्यांनी!"

"सांगिटलं. मी त्याला जलमभर किती खुळं सांगिटलंय, तुला काय ठावं? तुझ्या आईला दवाखान्यात कोण बसून हुतं आठवतंय? रातभर?" त्यांना धाप लागली. "दोस्त माझा हाय. राग धरायचा का न्हाय, ते मी बघीन. तू उद्यापास्नं बाकड्यावर बसायचं न्हाय."

आई दवाखान्यात असताना कोण बसलं होतं, ते मला आठवत होतं. पण चंद्रीचे थेंबही आठवत होते.

त्या रविवारी आण्णा काठी टेकत स्वतः कट्ट्यावर गेले. मोगरीच्या दोरीला धरून उभे राहिले आणि गणपतरावांना निरोप धाडला: दूध प्यायला ये. वर्षानुवर्षं दोघं तिथंच रोज ग्लास घ्यायचे, आण्णा पडल्यापासून गणपतराव तिकडं फिरकले नव्हते. ते आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. माझ्याकडं बघितलं नाही.

"कसा हैस?" त्यांनी विचारलं.

"उभा हाय," आण्णा म्हणाले. "बसायचं सोडून सगळं जमतंय. शिवपुत्र, डॉक्टरला ग्लास दे."

"डॉक्टर नगं म्हणू गा."

"बरं. गण्याला दे."

दोघं हसले. कसंनुसं, पण हसले. शिवपुत्रानं धार काढून दिली. गणपतरावांनी एका दमात ग्लास रिकामा केला, मिशी पुसली. आण्णा मोगरीच्या पलीकडं, तिच्या शिंगाला हात लावून, कुणाशी तरी बोलायला वळले. रिकामे ग्लास खाली बादलीत टाकायचे असतात. गणपतराव बादलीजवळ आले. मी तिथंच होते.

"पोरी, एवढा टाक की बादलीत," ते हळूच म्हणाले.

मला वाटलं, मिटवायचं म्हणून काहीतरी बोलायचं, तसं बोलले. मी म्हणाले, "टाका की तुमचं तुम्ही."

ते वाकले. ग्लास बादलीत पडला आणि ते तिथंच राहिले. एक हात गुडघ्यावर, दुसरा हवेत काहीतरी शोधत. वर येताना मांड्यांवर हाताहातानं चढत आले. ओठ पांढरे झाले होते. "उसण भरली च्यायला," असं म्हणून त्यांनी कट्ट्याला हसवलं. आण्णांनी मागं वळून बघितलं तोवर ते सरळ झालेले होते. घरी जाताना स्कूटरवर पाय टाकून बसले नाहीत. हँडल धरून, ढकलत नेली.

मी त्यांना वळणावर दिसेनासे होईपर्यंत बघत होते. मला सगळं कळलं होतं. मुलीच्या खोकल्यातला फरक ज्या बाईला भिंतीपलीकडून कळतो, तिला हे कळणार नाही? एक वाक्य तोंडापर्यंत आलं होतं: काका, लघवीचा रंग कसा आहे? मी अनूचं नाक पुसलं.

त्यानंतर मी आदर्शला एकदा दुकानात पाठवलं, गोळ्या थांबवा आणि रक्त तपासून घ्या असं सांगायला. गणपतराव त्याला म्हणाले, "बायकोनं धाडलंय व्हय? सांग तिला, आज बी दोन घेतल्या." पुण्याला सोमेशला फोन केला. तो म्हणाला, बाबा ठणठणीत आहेत, काल फोनवर हसत होते. तुमच्यामुळं दुकान बसलं तेवढं मात्र खरं. मी फोन ठेवला.

आण्णांना मी सांगितलेलं नाही. एक शब्द सांगितला तर ते त्या काठीनिशी धावत जातील, दोस्ताच्या हातातली पट्टी हिसकून घेतील, दोघं गळ्यात गळा घालून रडतील आणि सगळं मिटेल. तसं मिटायला नको आहे मला. आण्णा रोज संध्याकाळी दोरी धरून उभे राहतात, दुसऱ्याच्या हातानं निघालेली धार बघत. ज्या दिवशी ते खाली बसतील त्या दिवशी मी माफ करीन. आणि तो दिवस येणार नाही, हे डॉक्टर बाईंच्या हातानं मला कधीच सांगितलंय.

पण माणूस मरावा, असंही मी कधी म्हटलं नव्हतं.

माझं गणपतराव ऐकणार नाहीत. मी बोलले की उलट आणखी एक गिळतील. ती सवय त्यांना मीच लावली. कुणीतरी परकं हवं. म्हणून तुम्हाला सांगते. शिवाजी पेठेत कधी आलात तर त्या कोपऱ्यावर जरा थांबा. बाहेर बाकडं आहे, त्यावर आता कुणी बसत नाही. आत जाऊन काहीतरी खालच्या कप्प्यातलं मागा, आणि ते वाकून देतात की तुम्हालाच घ्यायला सांगतात ते बघा. मग पावण्यासारखं, सहज, मटणाचा विषय काढा. किती गोळ्या घेता, विचारा. लघवी कशी होते, विचारा. रागावले तरी हलू नका, आणि रंग काळा म्हणाले तर त्यांच्या स्कूटरची वाट न बघता रिक्षा करून दवाखान्यात न्या. माझं नाव तेवढं घेऊ नका.

आज रविवार आहे. जमलं तर आजच जा.